मधली १७ वर्षं

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या फँटसी कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात एक दणदणीत मेजवानी आहे. बिल्बोचा १११ वा वाढदिवस आणि त्याच दिवशी फ्रोडोचा ३३ वा. हॉबिट लोकांत ३३ हे सज्ञान होण्याचं वय. बिल्बो अंगठी मागे ठेवून निघून जातो, ती फ्रोडोच्या हाती येते, आणि आता हा झोळी उचलून घराबाहेर पडणार म्हणून वाचक सरसावून बसतो. फ्रोडो बाहेर पडत नाही. दुसऱ्या प्रकरणात वर्षं नुसती सरत राहतात. जादूगार गॅन्डाल्फ अधूनमधून डोकावतो, मग नऊ वर्षांहून जास्त काळ फिरकतही नाही. फ्रोडो घर सोडतो तेव्हा ५० वर्षांचा झालेला असतो. मधली १७ वर्षं गेली ती गेलीच.

‘यंग अडल्ट’ म्हणजे किशोर-तरुणांसाठीच्या खणातल्या पुस्तकांवर वाढलेले कितीतरी वाचक इथे अडखळतात. भाषा कळत नाही असं नसतं. गोष्ट कुणाच्या मागे धावते आहे, आपण कुठे उभं राहून ती बघायची, हेच समजेनासं होतं. ‘हंगर गेम्स’चा २००८ सालचा पहिला भाग आठवून पाहा. सोळा वर्षांची कॅटनिस स्वतः सांगते, तेही चालू वर्तमानकाळात. ती पळते तेव्हा आपण पळतो, ती झाडावर दबा धरून बसते तेव्हा आपणही श्वास रोखतो. सगळा मामला काही आठवड्यांत आटोपतो आणि तेवढ्या वेळात वाचकाला तिच्यापासून हातभरही लांब होता येत नाही. ही त्या लेखनाची मोठी ताकद आहे आणि ती कमअस्सल मानण्याचं काही कारण नाही.

मोठ्यांसाठीच्या विज्ञानकथेत आणि फँटसीत सांगणारा बहुधा लांब उभा असतो. तिथून त्याला एका माणसापलीकडचं बरंच काही दिसतं: घराणी, करार, कर, दुष्काळ, एखाद्या ग्रहावरचं पाणी. माणसं असतातच, पण त्यांच्या मनातली प्रत्येक कालवाकालव तिथल्या तिथे उलगडून सांगितली जात नाही. कोण बरोबर, कोण चूक, हेही नाही. तरुणांच्या पुस्तकांकडून मोठ्यांच्या पुस्तकांकडे जाताना हे अंतर अंगवळणी पडणं हाच खरा बदल आहे. पुस्तकाची जाडी, अवघड इंग्रजी, रक्तपात या त्यामानाने वरवरच्या गोष्टी.

नायकाच्या वयावरून तर काहीच ठरत नाही. ‘ड्यून’च्या सुरुवातीला पॉल १५ वर्षांचा आहे, ‘एंडर्स गेम’चा एंडर सहा वर्षांचा, आणि दोन्ही पुस्तकं मोठ्यांसाठी छापली गेली. एंडरचं पुस्तक पुढे शाळाशाळांत शिरलं. त्याच्याच दुसऱ्या भागात मात्र तीन हजार वर्षं उलटलेली आहेत, एंडर पस्तिशीचा आहे आणि लढाईऐवजी अपराध, प्रायश्चित्त आणि एका परक्या जमातीचं आकलन यांवर गोष्ट चालते. पहिला भाग एका बैठकीत संपवलेले कितीतरी जण दुसऱ्यात चाळीस पानांवर थांबतात, ते यामुळे. हा खणाचा घोळ जुनाच आहे. रॉबर्ट हाइनलाइन १९४७ पासून स्क्रिब्नर्स या प्रकाशनासाठी मुलांच्या विज्ञान कादंबऱ्या लिहीत होता, अशा बारा झाल्या. पुढची, ‘स्टारशिप ट्रूपर्स’, त्यांनी नाकारली. १९५९ मध्ये ती दुसरीकडे मोठ्यांच्या यादीत आली आणि पुढच्या वर्षी तिला विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एकाच लेखकाच्या सलग लिहिलेल्या पुस्तकांमधून रेघ गेली, आणि ती ओढली प्रकाशकाच्या नकाराने.

आता नेहमीची चूक. कुणी विचारलं की हॅरी पॉटर झालं, हंगर गेम्स झालं, पुढे काय वाचू, तर जाणकार मंडळी आपलं सर्वांत लाडकं पुस्तक पुढे करतात. ते बहुतेकदा दहा खंडांच्या मालाझान मालिकेचं पहिलं पुस्तक असतं, नाहीतर चौदा खंडांचं ‘व्हील ऑफ टाइम’. मालाझान एका चालू युद्धाच्या मधोमध सुरू होतं. कोण कुणाचा, देव कोणते, जादू कशी चालते, काही म्हणजे काही सांगत नाही. ते उत्तम आहे, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या वाचकाने पहिलं पाऊल तिथे ठेवलं तर त्यात एकाच वेळी पाच गोष्टी बदललेल्या असतात: सांगणारा बदलला, सांगणारे वाढले, लांबी वाढली, जग परकं झालं आणि शेवट पुस्तकाबाहेर गेला. साठाव्या पानावर पुस्तक मिटतं. वाईट याचं वाटतं की वाचक पुस्तकाला दोष देत नाही. ‘आपल्याला हा प्रकार झेपत नाही’ अशी स्वतःचीच समजूत करून घेतो आणि चांगल्या वाचनाला दहा-दहा वर्षं मुकतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच: एका वेळी या पाचांतली एकच गोष्ट बदला, फार तर दोन.

प्रथमपुरुषी निवेदनाची सवय असेल तर तेच ठेवा आणि विषय बदला. मार्था वेल्सची ‘ऑल सिस्टिम्स रेड’ (२०१७) यासाठी अगदी योग्य. सांगणारा एक सुरक्षा-यंत्रमानव आहे, अर्धा यंत्र, अर्धा मांसाचा. त्याने आपल्यावर ताबा ठेवणारा भाग गुपचूप निकामी केला आहे, आणि मोकळं झाल्यावर तो काय करतो, तर मालिका बघतो. आवाज तरुण पुस्तकांसारखाच जवळचा, चिडका, लाजाळू. पण काळजी कसली आहे? आपण कंपनीच्या मालकीचे आहोत याची, कंत्राटाची, स्वस्तातल्या सामानाची. प्रौढ जगाची ओळख अशी हळूच होते. शिवाय पुस्तक छोटं, दीडशे पानांच्या आसपास.

लांबीचा हा मुद्दा जरा नीट पाहण्यासारखा आहे. ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांत शब्दसंख्येवरून चार गट आहेत: ७,५०० शब्दांच्या आतली लघुकथा, १७,५०० पर्यंतची नॉव्हेलेट, ४०,००० पर्यंतची नॉव्हेला आणि त्यापुढे कादंबरी. नवख्या वाचकाने पहिल्या तीन गटांत मनसोक्त रमावं. जुन्या विजेत्यांच्या आणि नामांकनांच्या याद्या सहज मिळतात आणि बऱ्याच कथा नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात. केन लिऊची ‘द पेपर मेनॅजरी’ ही लघुकथा अर्ध्या तासात वाचून होते. कागदाच्या घड्या घालून आई प्राणी करते आणि ते जिवंत होतात, एवढीच जादू. बाकी सगळं आईची भाषा नाकारणाऱ्या मुलाबद्दल. टेड चँगची ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ लांबीने त्याहून मोठी, आणि तिच्यात काळच सरळ चालत नाही. आईने मुलीला उद्देशून लिहिलेल्या वाक्यांतली क्रियापदं कोणत्या काळात आहेत याकडे लक्ष ठेवून वाचा. अशा पाच-सहा कथा झाल्या की न सांगितलेलं पोटात ठेवून पुढे जाण्याची ताकद येते. आणि एखादी नाही आवडली तर गेला एक तास, पाचशे पानं नाही.

दुसरी वाट लेखकाचा हात धरून जाण्याची. टेरी प्रॅचेटने डिस्कवर्ल्ड या आपल्या विनोदी फँटसी मालिकेतच टिफनी एकिंग या मुलीची पाच पुस्तकं तरुणांसाठी लिहिली. पहिलं २००३ चं, त्यात ती नऊ वर्षांची आहे. तिथे भेटणारी चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स मोठ्यांच्या ‘विअर्ड सिस्टर्स’मध्ये (१९८८) मुख्य पात्र आहे, म्हणजे जग ओळखीचं, माणूस ओळखीचा. इथे एक बारीकशी अडचण येते. टिफनीच्या पुस्तकांना प्रकरणं आहेत, मोठ्यांच्या बहुतेक डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांना नाहीत. झोपण्यापूर्वी ‘एक प्रकरण वाचतो’ म्हणणाऱ्याला थांबायची जागाच सापडत नाही. मग वाक्याच्या मध्ये कुठेतरी डोळा लागतो आणि दुसऱ्या दिवशी धागा हरवतो. मोकळी ओळ सोडलेली दिसली की तिथे थांबायचं, एवढा नियम पुरतो. ‘द हॉबिट’वरून थेट ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला जाणाऱ्यांनी प्रस्तावना खुशाल नंतरसाठी ठेवावी. हॉबिटांच्या तंबाखूची माहिती पुस्तक संपल्यावर गोड लागते, आधी नाही. मराठीत ते ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आलं आहे. भूगोलाची लांबलचक वर्णनं इंग्रजीत जड जात असतील तर पहिला खंड मराठीत वाचून पुढचे मूळातून वाचण्यात काहीच कमीपणा नाही.

‘ड्यून’बद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेकांचा पहिला मोठा डोंगर तोच असतो. १९६५ चं पुस्तक. प्रकरणांना आकडे नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर इरुलान नावाच्या राजकन्येच्या लेखनातला उतारा असतो, आणि ही बाई कोण ते बराच काळ कळत नाही. ते उतारे गाळून पुढे जायचा मोह होतो. गाळू नका, पण समजून घेण्याचा हट्टही धरू नका. गावात शिरताना वेशीवरची पाटी वाचतो तेवढ्याच लक्षाने वाचा. शेवटी मोठी शब्दसूची आहे. दर शब्दाला तिकडे पळालं की गोष्टीचा ताल मोडतो. त्यापेक्षा पहिली सुमारे शंभर पानं सूची न बघता वाचावीत, मग एकदा सबंध सूची चाळावी. निम्मे शब्द आपले आपण कळलेले निघतात.

पण खरा धक्का वेगळाच आहे. पॉलच्या घराण्याचा घात कोण करणार, हे लेखक हर्बर्ट दुसऱ्याच प्रसंगात शत्रूच्या तोंडून नावानिशी सांगून टाकतो. तरुणांच्या पुस्तकात हे नाव शेवटपर्यंत झाकून ठेवलं असतं आणि उघड झालं की वाचक दचकला असता. इथे आपल्याला माहीत असतं आणि घरातल्या कुणालाच माहीत नसतं. तो माणूस पॉलला प्रेमाने पुस्तक देतो, त्याच्या तब्येतीची विचारपूस करतो, आणि आपल्या पोटात गोळा येतो. ‘पुढे काय होणार’ याची जागा ‘हे कसं होणार आणि का’ या प्रश्नाने घेतली. हा पालट एकदा कळला की मोठ्यांच्या फँटसीचं निम्मं कुलूप उघडतं. आणि आपल्याकडे तर त्याची सवय केवढी जुनी! कर्णाचं चाक रुतणार हे कीर्तनाला बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, म्हणून कुणी आख्यानाच्या मध्येच उठून जात नाही. एकाच माणसाला चार नावं असण्याचाही आपल्याला त्रास नसतो. अर्जुन, पार्थ, धनंजय, सव्यसाची हे ज्याला लहानपणीच जमलं, त्याला पॉल, मुअद्दिब आणि उसूल हे एकच हे लक्षात ठेवणं जड जाऊ नये. तिथल्या सम्राटाची पदवी ‘पादिशाह’ आहे. बखरी वाचलेल्याला तो पातशहा चटकन ओळखू येतो. इंग्रजी वाचकाला शब्दसूचीत शोधावं लागतं ते इथे घरचं निघतं.

मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाची एक अडचण सहसा कुणी मोजत नाही. पानावर दहा शब्द अनोळखी असले, तर त्यातले काही खरे इंग्रजी असतात आणि काही लेखकाने घडवलेले. कोणते कोणते, हेच कळत नाही. इंग्रजी मातृभाषेच्या वाचकाला घडवलेला शब्द लगेच जाणवतो आणि तो निर्धास्त पुढे जातो; आपला वाचक मात्र शब्द येत नाही म्हणून स्वतःला कोसत बसतो. किंडलवर वाचत असाल तर शब्दावर बोट दाबून धरा. कोशात सापडला नाही तर तो बहुधा लेखकाचा, आणि लेखक तो कृतीतून समजावणार आहे, थोडा धीर धरा. कोशातला शब्द त्याच प्रकरणात तिसऱ्यांदा आला तरच अर्थ पाहा. आणि नावांसाठी पोस्टकार्डाएवढा कागद पुस्तकातच ठेवा. पात्राचं नाव, ठिकाण, कुणाचं कोण, बस. ‘कोण होता हा’ म्हणून नेटवर नाव टाकायला जाऊ नका. नावाच्या पुढे ‘मृत्यू’ हा शब्द शोधपेटी स्वतःहून सुचवते, आणि चारशे पानांची मजा एका सेकंदात जाते.

अडकण्याचेही प्रकार असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा. कळत नाही म्हणून अडकलात, तर परत मागे जाऊ नका, आणखी तीस पानं रेटा. या प्रकारात स्पष्टीकरण जवळजवळ नेहमीच उशिरा येतं. कळतंय पण कुणाशीच जीव जडत नाही असं असेल, तर तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत वाट पाहा, कारण अनेक कादंबऱ्यांत दुसरं किंवा तिसरं निवेदन सुरू झाल्यावर आपलं माणूस भेटतं. तरीही नाही भेटलं तर पुस्तक ठेवून द्या. तिसरा प्रकार नाजूक आहे. मोठ्यांच्या फँटसीत लैंगिक अत्याचार, छळ, मुलांचे मृत्यू अचानक समोर येतात आणि पान उलटलं की सगळं सुरळीत होईल याची हमी नसते. एन. के. जेमिसिनच्या ‘द फिफ्थ सीझन’ला आणि तिच्या पुढच्या दोन्ही भागांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षं ह्यूगो मिळाला, पुस्तक उघडतं ते एका आईपासून, जिच्या लहान मुलाला त्याच्याच बापाने मारलं आहे. तरुणांची लेखिका म्हणून आवडलेल्या ली बार्डूगोचं ‘नाइन्थ हाउस’ (२०१९) मोठ्यांसाठीचं आहे आणि त्यातले काही प्रसंग सोसवणार नाहीत असे आहेत. लेखकाचं नाव तेच म्हणून पुस्तक तसंच असेल, हे गृहीत धरू नये. स्टोरीग्राफ या पुस्तकांच्या संकेतस्थळावर वाचकांनी नोंदवलेल्या आशय-सूचना असतात. त्या आधी पाहण्यात भित्रेपणा नाही. घाटात उतरण्यापूर्वी ब्रेक तपासतोच की आपण.

मुखपृष्ठांवर भिस्त ठेवू नका. बाईने लिहिलेली, तरुण नायिका असलेली मोठ्यांची फँटसी दुकानदार सर्रास यंग अडल्टमध्ये लावतात. त्यापेक्षा ॲलेक्स पुरस्कारांची यादी कामाची. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या तरुण-वाचक विभागातर्फे १९९८ पासून दर वर्षी दहा पुस्तकं निवडली जातात, मोठ्यांसाठी लिहिलेली पण १२ ते १८ वयाच्यांना भावतील अशी. सगळीच विज्ञानकथा-फँटसी नसतात, पण त्यातली बरीच सापडतात. ‘ॲलेक्स’ म्हणजे बाल्टिमोरच्या ग्रंथपाल मार्गारेट अलेक्झांडर एडवर्ड्स. तरुणांच्या हाती पुस्तक देण्यात त्यांनी आयुष्य घातलं.

मराठीत ही पायरी वेगळ्या तऱ्हेने बांधली गेली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न आणला तो मुलांसाठी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप, म्हणजे आद्याक्षरं उलटी केलेले जयंत नारळीकर. ती आणि पुढच्या कथा मुलांसाठी नव्हत्या, तरी दहावीतल्या मुलांनी त्या आपल्याशा केल्या. ‘यक्षांची देणगी’ या संग्रहावरून ‘वामन परत न आला’ या कादंबरीकडे जाणं म्हणजे फक्त लांबी बदलणं. मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. पण आपली विज्ञानकथा मुख्यतः कथेच्या आकाराची राहिली. अनेक खंडांची, स्वतःचं जग उभारणारी मोठ्यांची फँटसी आपल्याकडे तुरळक, म्हणून वाचक तिथून एकदम इंग्रजीच्या खोल पाण्यात पडतो. आणि जो व्हर्न लहानपणी संक्षिप्त वाचला, तो सबंध वाचणं हीदेखील मोठ्यांच्या वाचनाकडे जाणारी वाटच आहे. संक्षिप्त आवृत्तीत नीमो पाणबुडीवाला कप्तान असतो. ‘मिस्टीरिअस आयलंड’मध्ये कळतं की तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर आहे आणि १८५७ च्या लढ्यात त्याने सगळं गमावलं आहे. त्याचा राग मग वेगळ्याच डोळ्यांनी वाचला जातो.

सोडलेल्या पुस्तकांसाठी एक खण वेगळा ठेवावा. आत चिठ्ठी, तिच्यावर पान क्रमांक आणि तारीख. काही पुस्तकं वय मागतात. उर्सुला ले ग्विनची अर्थसी मालिका त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण. पहिलं पुस्तक १९६८ चं, तरुणांसाठी लिहिलेलं, छोटेखानी. पण सांगण्याची तऱ्हा पुराणकथेसारखी दूरची. गेड हा मुलगा पुढे महाजादूगार होणार, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलेलं आहे. त्यामुळे मघाच्या अंतराचा सराव करायला याहून चांगलं पुस्तक नाही. दुसऱ्या पुस्तकात टेनार ही थडग्यांच्या अंधारात वाढलेली किशोरवयीन पुजारीण आहे. तिसरं १९७२ चं. मग १८ वर्षांनी, १९९० मध्ये, लेखिकेच्या साठीत ‘तेहानू’ आलं. टेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे, मुलं मोठी झाली आहेत, अंगणात शेळ्या आहेत. गेड परत येतो तो शक्ती गमावून. पानंच्या पानं काही ‘घडत’ नाही आणि सतराव्या वर्षी बहुतेकांचं पुस्तक इथे मिटतं. मिटू द्या.

शेवटाकडे टेनारचा मुलगा समुद्रावरून घरी येतो. ती वाढते, तो जेवतो. ताटं उचल म्हटल्यावर तो म्हणतो, हे बायकांचं काम. या स्वयंपाकघरात जो जेवतो त्याचं हे काम, असं ती सांगते. तो ऐकत नाही. भांडी मग गेड घासतो, एके काळी अवघ्या द्वीपसमूहातला सर्वश्रेष्ठ जादूगार असलेला गेड, आणि टेनार आपण मुलाला कुठे कमी पडलो याचा विचार करत उभी राहते.